चपला घालताना विचारायचा प्रश्न

पासिर रिस, सिंगापूर
रविवार, दुपार

प्रिय अश्लेषा,

मराठीत लिहिलंय म्हणून आधीच वैतागू नकोस. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू ते एमआरटीच्या दोन स्टेशनांमध्ये वाचून संपवलं असतंस आणि मला एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. मराठी तू अजून बोट ठेवून वाचतेस, जोडाक्षर आलं की थबकतेस, ओठ हलवतेस. रविवारच्या मराठी वर्गात साधनाताईंनी तुझ्यापुढे हात टेकले होते, आठवतं ना? ‘वाचते छान, पण बैलगाडीने वाचते,’ म्हणाल्या होत्या. तेव्हा मला राग आला होता. आज मला तुझी तीच बैलगाडी हवी आहे. मला जे सांगायचंय ते भरकन वाचून संपावं असं वाटत नाही, आणि भरकन लिहायला तर मला मुळीच जमणार नाही. सकाळपासून तिसरा कागद घेतला आहे.

घरचं सगळं ठीक आहे. बाबा रोज तुझ्या खोलीतला पंखा लावून ठेवतो, खोली कोंदट होते म्हणे. फोनवर त्याने तुझ्या तिकडचं, तैवानमधल्या ताइचुंगचं हवामान लावलंय आणि नाश्त्याच्या टेबलावर बँकेतले व्याजदर सांगावेत तशा आवाजात लाटांची उंची सांगतो. ‘उद्यापासून उत्तरेचा वारा वाढणार.’ मी म्हणते, पोहे गार होतायत. तुझ्याशी फोनवर भांडतो आणि तू फोन ठेवलास की उरलेलं माझ्याशी भांडतो. शिकूनसवरून पोरगी समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या खांबांवर चढायला गेली, हे त्याचं पालुपद अजून सुटलेलं नाही. बाबाची भीती म्हणजे आपल्या खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेले कपडे, सगळ्या ब्लॉकला दिसणारे. त्याचं मला काही वाटत नाही. घरात एकाने आरडाओरडा केला की दुसऱ्याला शहाणं राहणं भाग पडतं, आणि मी शहाणी राहिले. तू सगळ्यांना सांगतेसच की, ‘माय मदर सुपर चिल, लाह.’

अश्लेषा, मी चिल नाही. मला भीती वाटते. एकदा लिहून टाकलं, आता पुढचं लिहिता येईल.

माझं काम काय आहे हे तुला माहीत आहे, पण तू ते नेहमी ‘आई लोकांना फॉर्म भरायला लावते’ एवढ्यावर गुंडाळतेस. वाऱ्यापासून तयार होणाऱ्या विजेबद्दल लोकांना काय वाटतं, हे मी शोधते. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून मी प्रश्न तयार करते आणि मग ते घेऊन घरोघरी, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, कधी हॉकर सेंटरमध्ये जेवणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसते. सिंगापूरमध्ये हा प्रश्न विचारणं म्हणजे एक गंमतच आहे. आपल्याच शेजारच्या ब्लॉकमधले एक अंकल म्हणाले होते, ‘विंड? हिअर? फॅन नेव्हर ऑन, लीफ ऑल्सो नेव्हर मूव्ह.’ पण वीज उद्या दुरून समुद्राखालच्या तारेतून येऊ शकते, आणि त्या पवनचक्क्यांचं काही पोलाद इथेच सेम्बावांगच्या बाजूला घडू शकतं, म्हणून आमच्या कंपनीला लोकांचं मन जाणून घ्यायचं होतं. लोकांचं मन बहुतेक एकच असतं. पवनचक्की चांगली, स्वच्छ, हवीच, फक्त आमच्या खिडकीतून दिसायला नको. मी वर्षानुवर्षं हे ऐकत आले आणि मनातल्या मनात हसत आले.

प्रश्नावली लोकांकडे नेण्याआधी आम्ही ती घरच्यांवर घासून बघतो, तुला ठाऊक आहे. शब्द कळतात का, कुठे अडखळायला होतं, एवढंच बघायचं असतं. मागच्या वर्षी साबुदाण्याची खिचडी खाताना मी ती तुम्हा दोघांपुढे ठेवली होती. त्यात एक प्रश्न होता, मीच लिहिलेला: तुमच्या घरातल्या कुणी या क्षेत्रात काम केलं, तर तुम्हाला कसं वाटेल? बाबाने ‘सांगता येत नाही’वर खूण केली, तो रेस्टॉरंटचा मेन्यूही तसाच वाचतो. तू म्हणालीस, आई, तू पण भर ना. मी चमचा हातात धरून ‘अतिशय आनंद होईल’वर खूण केली. तू विचारलंस, ‘सीरियस आ?’ मी म्हटलं, हो गं. माझं लक्ष प्रश्न सोपा झालाय का याकडे होतं. उत्तराकडे माझं लक्षच नव्हतं, कारण माझ्या धंद्यात उत्तरं नेहमी दुसऱ्यांची असतात.

आणि मग तू ती नोकरी घेऊन आलीस. बाबाने आवाज चढवल्यावर तू माझ्याकडे बोट दाखवलंस, ‘आई ऑलरेडी सेड व्हेरी हॅपी, व्हॉट.’ त्या क्षणी मला चमच्यासकट ती खूण आठवली. पण समोरच्या माणसाने काहीही सांगितलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, आवाज एकसारखा ठेवायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी तुला विचारलं, ‘हे काम तुला का करावंसं वाटतं, जरा सविस्तर सांगशील?’ तू खुशीत येऊन सविस्तर सांगितलंस. वर चढल्यावर सगळा समुद्र खाली कसा सपाट दिसतो, तुझ्या प्रशिक्षणातल्या त्या शैलेंद्रने सांगितलेलं. एवढ्या उंचीवर आपल्या हाताने नट घट्ट करायचा आणि मग ते पातं फिरायला लागतं, कुणाच्या तरी घरात दिवा लागतो. तुझे डोळे इतके चमकत होते. मी मान डोलावत होते. तुला वाटलं, आईला आवडतंय. मी मुलाखत घेत होते गं, दुसरं काही करायची मला भीती वाटत होती.

तू प्रशिक्षणाचा व्हिडिओ दाखवलास तेव्हा मी उंचीला घाबरले असेन असं तुला वाटलं. उंचीला नाही. तुला पट्टे बांधलेले असतात, शिडी खांबाच्या आत असते, मला ते समजतं. मला भीती वाटली ती बोट आणि खांब यांच्यामधल्या जागेची. बोट वर जाते, खाली येते, खांब जागचा हलत नाही, मध्ये काळं पाणी उसळत असतं, आणि कुणीतरी ‘नाऊ’ म्हटलं की तू पाऊल टाकतेस. त्या व्हिडिओत तू हसत पाऊल टाकलंस. तेव्हापासून मला एमआरटीचा प्रवास नकोसा झालाय. गाडी थांबली की ती बाई सांगते ना, फटीकडे लक्ष द्या, आणि मग तेच आणखी तीन भाषांत. इथल्या पंचवीस वर्षांत माझं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आता मी दाराचा खांब धरून उतरते. परवा एका शाळकरी मुलीने मला हात दिला, आंटीला चक्कर आली असं वाटून.

आता एक जुनी गोष्ट सांगते, ती तुला कधी सांगितलेली नाही. पुण्यात असताना मी हेच काम करायचे, साताऱ्याच्या बाजूला एका पठारावर नव्या पवनचक्क्या आल्या होत्या तिथे. तू पोटात होतीस, पण ते अजून बाबालाही सांगितलं नव्हतं. एका घरात मी बराच वेळ बसले. त्या घरच्या बाईने चहा दिला, प्रत्येक प्रश्नाला ‘चांगलंच आहे की’ म्हटलं, आवाजाचा त्रास नाही, कशाचा नाही. मी कागद आवरले, येते म्हटलं, दारात येऊन चपला घालायला लागले. आपल्याकडे खरं बोलणं तिथेच सुरू होतं, तू तर त्यावरून मला नेहमी चिडवतेस, ‘आई से बाय बाय, देन टॉक वन मोअर अवर.’ चौकटीला टेकून ती बाई म्हणाली, ताई, उन्हं कलली की त्या पात्यांची सावली बाळाच्या पाळण्यावरून जाते. जाते आणि परत येते. मी पाळणा हलवला तर सावली मागं मागं येते. आणि ती रडायला लागली. आत बसून तिने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी कामाची रीत ठरली. कागद मिटायचे, उठायचं, दारात जायचं आणि चपला अगदी सावकाश घालायच्या. इथल्या ब्लॉकमधल्या जाळीच्या दाराबाहेर, बूट-चपलांच्या ढिगाशी उभं राहून मला जे कळलंय, ते टेबलापाशी कधी कळलं नाही. ऑफिसातली मुलं माझ्या पायांकडे बघून हसतात, ‘अरुणाज् स्लिपर क्वेश्चन’ म्हणतात.

आणि तू निघालीस त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. तुझी बॅग बाहेर गेली होती. तू दारात खाली बसून ते जाड बूट घालत होतीस. एक घातलास. दुसऱ्याची नाडी बांधलीस, सोडलीस, परत बांधलीस. मग मान वर न करता म्हणालीस, ‘आई...’ आणि मी म्हटलं, चल चल, गाडी खाली थांबलीय, ड्रायव्हर कटकट करेल. परक्यांच्या दारात ताटकळत उभी राहणारी बाई मी, मी तुला ढकललंच जवळजवळ. तू काय म्हणणार होतीस याची मला भीती वाटत होती. तू ‘मला भीती वाटते’ म्हणाली असतीस तर मी जाळीचं दार लावून किल्ली पदराला बांधली असती. मी पदर घेत नाही हे सोड. तुला जाऊ दिलं नसतं आणि तू मला आयुष्यभर माफ केलं नसतंस. म्हणून मी गाडीचं निमित्त केलं. लिफ्टचं दार लागताना तू हात हलवलास आणि मीही हलवला, अगदी चिल आईसारखा.

त्यानंतर सेम्बावांगला एक बैठक होती. ब्लॉकखाली खुर्च्या मांडून आम्ही रहिवाशांशी बोलत होतो, तिथल्या जहाजाच्या कारखान्यात पवनचक्क्या उभारायच्या बोटी बांधल्या तर त्यांना कसं वाटेल, मुलं या कामात गेली तर कसं वाटेल. सगळे छान छान बोलत होते. पहिल्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका होत्या, मलाय, पांढरा स्कार्फ बांधलेल्या. त्या मध्येच मला म्हणाल्या, ‘यू आस्क अस ओन्ली. युअर ओन चाइल्ड, यू लेट ऑर नॉट?’ लोक हसले. मला म्हणता आलं असतं, हो, माझी मुलगी आत्ता या घडीला समुद्रात आहे. अभिमानाने सांगण्यासारखीच गोष्ट आहे. माझ्या तोंडून निघालं, आम्ही इथे फक्त तुमची मतं समजून घ्यायला आलोय. त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘अय्यो. यू ऑल्सो स्केअर्ड.’ बैठक संपल्यावर मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. अनघाने, माझ्या हाताखालच्या त्या मुलीने, सगळ्या खुर्च्या एकमेकींत रचल्या. शेवटची माझ्याखाली होती.

या भीतीचं मी काय करू ते मला कळत नाही, अशू. रिपोर्टात मी आजवर काय लिहीत आले? की लोकांची भीती माहितीअभावी असते, माहिती दिली की ती कमी होते. मला तर सगळी माहिती आहे. कुठले पट्टे, कुठली कडी, किती वारा झाला की काम थांबवतात, सगळं पाठ आहे. त्यातली एकही गोष्ट रात्री माझ्या उशाशी कामाला येत नाही. उलट जितकं अधिक कळतं तितकी भीतीला बसायला जागा होते. तुझा फोन ठरलेल्या वेळी नाही आला की मी भांडी घासायला घेते, घासलेलीच. बाबा येऊन नळ बंद करतो. तो ओरडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

आता तुझ्या फोनबद्दल. एवढी वर्षं लोकांचं बोलणं ऐकून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. माणूस मजेत असतो तेव्हा घसरत, वाकडंतिकडं बोलतो, शब्द गिळतो, मध्येच भाषा बदलतो. घाबरला की तो नीट बोलायला लागतो. वाक्यं पुरी करतो, समोरच्याची विचारपूस करतो, हळूहळू परक्यासारखा सभ्य होत जातो. ते अंकल, फॅनवाले, त्यांच्या मुलाचा विषय निघाला तशी त्यांची ती फाडफाड भाषा गेली आणि ते बातम्या वाचणाऱ्या माणसासारखे बोलायला लागले, ‘आय हॅव नो पर्टिक्युलर ऑब्जेक्शन.’ मी तिथेच कागद मिटून दारात गेले होते.

पहिले काही आठवडे तू कशी बोलायचीस! ‘आई, फूड हिअर व्हेरी शिओक, बट नो तिखट, कान्ट मेक इट, लाह.’ मी ओरडायचे, नीट मराठीत बोल. आणि मग एके दिवशी फोनवर तू नीट मराठीत बोललीस. ‘आई, तू जेवलीस का? बाबांचा रक्तदाब कसा आहे? मी बरी आहे. काम व्यवस्थित चालू आहे. मुकुल घरी परत गेला, त्याला बरं वाटत नव्हतं.’ वाक्याच्या शेपटीला एकही ‘लाह’ नाही. बाबाला तू जन्मात कधी ‘बाबांचा’ म्हणाली नव्हतीस. साधनाताईंनी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते. मी मात्र फोन कानाशी घट्ट धरला. तुझ्याबरोबर शिडी चढणारा मुकुल, तुला खोबऱ्याची चटणी देणारा, त्याला काय झालं ते तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. बोटीच्या त्या फटीत त्याने काय बघितलं, किंवा तू काय बघितलंस, ते फोनवर विचारायचं मला धाडस झालं नाही. मी म्हटलं, काळजी घे. तू म्हणालीस, हो, तूही घे. दोन परक्या बायकांसारखं बोललो आपण. आणि त्यापुढचा फोनही तसाच, त्यापुढचाही.

मग माझ्या लक्षात आलं की तू मला काहीच सांगू शकणार नाहीस. बाबाला सांगितलंस तर तो म्हणेल, मी म्हटलंच होतं. आणि मला कसं सांगशील? मी तर अतिशय आनंदावर खूण करून बसले आहे. चिल आईला घाबरलेल्या मुलीचं काय करायचं ते कळणार नाही, असंच तुला वाटत असणार. म्हणून मी आधी माझं सांगितलं. मी घाबरलेली आहे, रोज, सकाळी उठल्यापासून. तूही घाबरली असशील तर त्यात तुझं काही चुकलं नाही, आणि तरीही तुला ते काम आवडत असेल तर तेही मला समजेल. परत यायचं असेल तर पंखा चालूच आहे, आणि बाबाने शब्द दिलाय की ‘मी म्हटलंच होतं’ हे तो उच्चारणार नाही. त्याला यायचं होतं, पण तिकीट काढताना म्हणाला, तू जा, मी आलो तर भांडेन.

हो, जा म्हणाला. हे पत्र पोस्टाने येणार नाही. शनिवारी तुमची बोट बंदराला लागते, तू मला दिलेल्या पत्त्यावरच्या हॉटेलात तुम्ही उतरता, आणि मी त्याच्या आदल्या दिवशी ताइचुंगला पोचते. तू अंघोळ वगैरे करून खोलीत टेकलीस की मी हे तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. समोरासमोर मला हे बोलता आलं नसतं, मी पुन्हा प्रश्नच विचारत बसले असते. म्हणजे आत्ता, हे वाचताना, मी बाहेर आहे. बोट ठेवून वाच, जोडाक्षरांशी थांब, तुला हवा तितका वेळ लाव, आणि झालं की दार उघड. त्या दिवशी बुटाची नाडी बांधताना तू ‘आई’ म्हणालीस, तिथून पुढे बोल. मी दारात उभी आहे, चपला घालतेय, आणि आज खाली कुठलीही गाडी थांबलेली नाही.

तुझीच,
आई